तोफा पोहोचल्या, दारू पोहोचायची होती : बॉस्टनच्या वेढ्यातील तोफखान्याच्या पुरवठ्याचे प्रकरण (१७७५–७६)

३ ऑगस्ट १७७५ रोजी केंब्रिजच्या छावणीत, अमेरिकी वसाहतींच्या सैन्याचा सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याच्यापुढे बंदुकीच्या दारूच्या साठ्याचा खरा हिशेब ठेवण्यात आला. सूत्रे हाती घेऊन त्याला जेमतेम एक महिना झाला होता. मॅसॅच्युसेट्सच्या कोठारात ३०० हून अधिक पिंपे दारू आहे, या भरवशावर त्याने तो महिना काढला होता. प्रत्यक्षात तिथे ३६ पिंपे होती. न्यू हॅम्पशायर, ऱ्होड आयलंड आणि कनेक्टिकट या शेजारच्या वसाहतींचा साठा धरूनही एकूण बेरीज ९,९३७ पौंडांवर थांबत होती आणि सैनिकांच्या वाट्याला माणशी नऊच बार येत होते. त्या वेळी तिथे असलेल्या जनरल जॉन सुलिव्हनने लिहून ठेवले आहे की, हे ऐकल्यावर सेनापती अर्धा तास एक शब्दही बोलला नाही.

ही चूक झाली ती हिशेबनीसाच्या टेबलावर. पुरवठा समितीकडे साठ्याचे विवरण मागितले, तेव्हा तिने वसाहतीने आजवर गोळा केलेली सगळी दारू लिहून पाठवली आणि त्यातून झालेला खर्च वजा करण्याचे तिला सुचले नाही. १७ जून रोजी बंकर हिलच्या लढाईत धूर होऊन गेलेली दारू कागदावर अजून कोठारातच होती. विवरण म्हणजे जमेची यादी नव्हे, हातात असलेल्या शिलकीची नोंद, हे ज्यांना ठाऊक नव्हते ती माणसे लबाड नव्हती. कालपर्यंत शेती, दुकानदारी आणि वकिली करणारी ती माणसे होती आणि सैन्य चालवण्याची कोणतीही घडी त्यांना तयार मिळालेली नव्हती.

बॉस्टनच्या वेढ्याची कथा बहुधा हेन्री नॉक्स या तरुण पुस्तकविक्रेत्याने बर्फातून ओढून आणलेल्या तोफांची कथा म्हणून सांगितली जाते. त्या कथेतील पराक्रम खरा आहे आणि पुढे मीही तो सविस्तर मांडणार आहे. परंतु पुरवठ्याच्या अंगाने हे प्रकरण तपासताना मला ऑगस्टमधला तो अर्ध्या तासाचा अबोला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण वेढ्याचे वेळापत्रक अखेरपर्यंत दारूच्याच शिलकीने ठरवले. तोफांना त्या वेळापत्रकाप्रमाणे थांबून राहावे लागले.

वेढ्याची रचना आणि तोफांची गरज

१७७५ चे बॉस्टन हे पाण्याने वेढलेले शहर होते आणि एका अरुंद पट्टीनेच ते मुख्य भूमीला जोडलेले होते. उत्तरेला पाण्यापलीकडे चार्ल्सटाउनचे द्वीपकल्प होते, तर आग्नेयेला डॉर्चेस्टरच्या टेकड्या होत्या. १९ एप्रिलला लेक्सिंग्टन आणि काँकॉर्ड येथे गोळीबार झाल्यानंतर आसपासच्या गावांतील हजारो हत्यारबंद लोकांनी शहराची जमिनीकडची बाजू रोखून धरली. बंदर मात्र ब्रिटिश आरमाराच्या ताब्यात राहिले. वेढा घालणाऱ्यांपाशी बंदुका होत्या आणि त्या काळच्या बंदुकीचा अचूक पल्ला शंभर यार्डांच्या आसपास संपत असे. उलट शहरातील फौजेला समुद्रमार्गे रसद मिळत होती आणि तिला बाहेर पडण्याची निकड नव्हती. शहर आणि बंदर या दोन्हींवर मारा करू शकतील अशा जड तोफा उंचावर चढवल्याशिवाय ही कोंडी फुटणार नव्हती. कोणत्या टेकडीवर त्या चढवायच्या, हे दोन्ही बाजूंना कळत होते. डॉर्चेस्टरच्या टेकड्या त्या हिवाळ्यात दोघांनीही मोकळ्या ठेवल्या होत्या.

दारूगोळ्यासाठीची झोंबाझोंबी लढाईच्या आधीच सुरू झालेली होती. १ सप्टेंबर १७७४ रोजी बॉस्टनमधील ब्रिटिश सेनापती जनरल गेज याच्या सैनिकांनी बॉस्टनबाहेरच्या दारूखान्यातून २५० अर्धी पिंपे उचलून नेली. ऑक्टोबरमध्ये लंडनहून हुकूम निघाला आणि अमेरिकेकडे शस्त्रे व दारू पाठवण्यावर बंदी आली. डिसेंबरमध्ये न्यू हॅम्पशायरच्या लोकांनी पोर्ट्समथजवळच्या किल्ल्यावर चाल करून सुमारे १०० पिंपे दारू काढून नेली. काँकॉर्डवर ब्रिटिश तुकडी निघाली तीसुद्धा तिथे लपवलेला दारूगोळा आणि तोफा नष्ट करण्यासाठीच. राजकीय तक्रारींची यादी कितीही मोठी असली, तरी पहिली गोळी सुटली ती कोठाराच्या वाटेवर.

दारू का नव्हती

बंदुकीच्या दारूत वजनाने साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतो. कोळसा कुठेही पाडता येतो आणि गंधक थोडाच लागतो, म्हणून खरा प्रश्न सोऱ्याचा असतो. तबेल्यातील आणि जुन्या घरांच्या जमिनीखालची क्षारयुक्त माती पाण्यात मुरवायची, तो अर्क लाकडाच्या राखेतून गाळायचा, उकळून आटवायचा आणि थंड झाल्यावर स्फटिक वेचायचे, अशी ही कृती आहे. ती अवघड नसली तरी संथ आहे आणि ढीगभर मातीतून हाती येतो तो मूठभर सोरा. फिलाडेल्फियाच्या काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, १७७५ च्या उन्हाळ्यात सोऱ्याला पौंडामागे अर्धा डॉलर भाव जाहीर केला आणि तो बनवण्याच्या पद्धती छापून वाटल्या. लोकांनी मनापासून प्रयत्नही केले. तरीही युद्धाच्या पहिल्या अडीच वर्षांत अमेरिकनांना मिळालेल्या दारूपैकी ९० टक्क्यांहून अधिक दारू एकतर तयार स्वरूपात समुद्रापलीकडून आली, नाहीतर आयात केलेल्या सोऱ्यापासून बनली.

इथे आपल्याकडचा एक धागा येतो. ब्रिटनच्या दारूखान्यांना लागणारा सोरा मुख्यतः बिहारमधून, पाटण्याच्या बाजूने जात असे आणि प्लासीनंतर ईस्ट इंडिया कंपनीने त्या व्यापाराची मक्तेदारी हाती घेतली होती. म्हणजे बॉस्टनमधील ब्रिटिश तोफांच्या मागे बिहारची माती होती आणि केंब्रिजच्या छावणीतले लोक आपल्या गोठ्यांची माती उकळत बसले होते. त्याच १७७५ च्या १८ मे रोजी गुजरातेत आडासजवळ मराठ्यांची फौज राघोबादादांच्या बाजूने उतरलेल्या मुंबईकर इंग्रजांशी लढत होती आणि त्या इंग्रजांच्या पाठीशीही हाच सोरा होता. अमेरिकी क्रांतीच्या इतिहासात बिहारचे नाव क्वचित येते, आणि ते यायला हवे असे मला वाटते.

तुटवडा लपवणे हे आता वॉशिंग्टनचे एक काम होऊन बसले. नऊ बारांची बातमी शहरात पोहोचली असती तर ब्रिटिश फौज दुसऱ्याच दिवशी बाहेर पडली असती. त्याने वसाहतींच्या गव्हर्नरांना गुप्त पत्रे लिहिली. बर्म्युडा बेटावरच्या कोठारात दारू आहे आणि तिथले लोक वसाहतींना अनुकूल आहेत असे कळल्यावर, ६ सप्टेंबरला त्याने त्या बेटवासीयांना उद्देशून विनंतीपत्र तयार केले. ते कोठार १४ ऑगस्टच्या रात्रीच फोडले गेले होते आणि तिथली सुमारे १०० पिंपे जहाजावर चढली होती, हे त्या वेळी त्याला ठाऊक नव्हते. समुद्रावरून बातमी यायला आठवडे लागत, त्यामुळे एकाच साठ्यासाठी दोनदा धावपळ होणे अटळ होते. बंदुकांचीही तीच गत होती. फेब्रुवारी १७७६ मध्ये खुद्द बेंजामिन फ्रँकलिनने जनरल चार्ल्स ली याला पत्र लिहून भाले आणि धनुष्यबाण वापरण्याची सूचना केली. आज ती विचित्र वाटेल, पण दारूचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला की तिच्यामागची अगतिकता कळते.

टायकॉन्डरोगाचा साठा

जड तोफा मात्र देशातच पडून होत्या. शँप्लेन सरोवराच्या दक्षिण टोकाशी असलेला टायकॉन्डरोगाचा किल्ला १० मे १७७५ रोजी एथन ॲलन आणि बेनेडिक्ट आर्नल्ड यांनी पहाटेच्या छाप्यात घेतला होता. तिथे पन्नासेक सैनिकांची बेसावध शिबंदी होती. जवळचे क्राउन पॉइंटही पाठोपाठ हाती आले. फ्रेंचांशी झालेल्या जुन्या युद्धांपासूनच्या तोफा तिथे होत्या आणि त्या बॉस्टनला उपयोगी पडतील हे आर्नल्डने एप्रिलमध्येच मॅसॅच्युसेट्सच्या समितीला सांगितले होते.

मग त्या डिसेंबरपर्यंत जागच्या जागी का राहिल्या? १८ मे रोजी काँग्रेसने केलेल्या ठरावात याचे अर्धे उत्तर सापडते. किल्ल्यातील तोफा जॉर्ज सरोवराच्या दक्षिणेला हलवाव्यात आणि त्यांची काटेकोर यादी करावी, म्हणजे ब्रिटनशी पूर्वीचा सलोखा पुन्हा जुळल्यावर त्या सुखरूप परत करता येतील, असे त्या ठरावात म्हटले होते. जो माल परत करायचा आहे तो कोणी वेढ्यात वापरत नाही. युद्ध सुरू झाले होते, पण ते क्रांतियुद्ध आहे हे नेतृत्वाच्या मनाने अजून स्वीकारले नव्हते, आणि पुरवठ्याचे निर्णय नेहमी मनाच्या त्या तयारीमागूनच चालतात. उरलेले अर्धे उत्तर वाटेत होते. सुमारे ३०० मैलांच्या त्या मार्गात दोन सरोवरे, हडसन नदी, बर्कशायरचे डोंगर आणि उन्हाळ्यात चिखलाने भरणारे रस्ते होते. धातूचा टनावारी बोजा त्या रस्त्यांवर चाकांवरून न्यायचा, तर प्रत्येक ओढ्यावर पूल बांधावा लागला असता. हिवाळ्यात मात्र नद्या गोठतात, रस्त्यावर बर्फाचा थर बसतो आणि घसरगाडीवर बैल तोच बोजा कितीतरी सहज ओढतो. त्यामुळे सात महिन्यांचा उशीर हा निव्वळ तोटा होता, असे मी म्हणणार नाही.

नॉक्सचा काफिला

हेन्री नॉक्स त्या वेळी पंचवीस वर्षांचा होता. बॉस्टनमध्ये त्याचे पुस्तकांचे दुकान होते आणि तोफखाना व तटबंदीची विद्या तो दुकानात विकायला आलेल्या ग्रंथांतून आणि तिथे येणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांशी बोलून शिकला होता. शिकारीत बंदूक फुटून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली होती. त्याची पत्नी ल्यूसी ही वसाहतीच्या राजनिष्ठ सचिवाची मुलगी होती आणि नवऱ्यासोबत शहर सोडताना माहेर तिला कायमचे दुरावले. तोफखान्याचा प्रमुख रिचर्ड ग्रिडली हा १७४५ च्या लुईबर्गच्या वेढ्यातला जुना जाणकार होता, पण आता वयाने थकला होता. त्याच्या जागी नॉक्सची निवड झाली.

१६ नोव्हेंबर १७७५ रोजी वॉशिंग्टनने त्याला लेखी सूचना दिल्या. छावणीत काय आहे आणि काय कमी आहे याची आधी यादी करावी, न्यूयॉर्कला जाऊन तिथून मिळेल ते पाठवावे आणि उरलेले उत्तरेकडचा अमेरिकी सेनापती जनरल फिलिप स्कायलर याच्या मदतीने टायकॉन्डरोगा, क्राउन पॉइंट व पलीकडून आणावे. खर्चासाठी १,००० डॉलर मंजूर झाले, आणि तोफांची निकड एवढी आहे की कष्ट वा खर्च यांत हात आखडता घेऊ नये, असेही त्यात लिहिले होते. या सूचनापत्राची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्यातला क्रम. ऑगस्टमध्ये भोवलेली चूक लक्षात ठेवून आधी हाताशी काय आहे ते मोजायला सांगितले आहे आणि मागणी त्यानंतर आली आहे.

५ डिसेंबरला नॉक्स टायकॉन्डरोगाला पोहोचला. तिथल्या साठ्यातून त्याने ५९ नग निवडले. त्यांत ४३ तोफा, १४ उखळी तोफा आणि २ होवित्झर होत्या. एकूण वजन सुमारे १,१९,९०० पौंड, म्हणजे साठ टनांच्या आसपास भरले. सोबत २,३०० पौंड शिसे आणि चकमकीच्या दगडांचे एक पिंप होते. काही नग एकेकटे टनाहून जड होते. कुजलेल्या, तडे गेलेल्या नळ्या वगळून वेढ्याच्या कामाच्या तेवढ्याच घ्यायच्या, ही निवड करायला पुस्तकी ज्ञान कामी आले असणार, कारण वाहतुकीचा प्रत्येक पौंड महाग पडणार होता. दारू मात्र या यादीत नव्हती, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

पहिला टप्पा पाण्याचा होता. तोफा जॉर्ज सरोवरापर्यंत आणून सपाट बुडाच्या मोठ्या होडक्यांत भरल्या आणि सरोवर गोठण्याआधी दक्षिण टोक गाठण्याची घाई सुरू झाली. वाटेत एक मोठे होडके खडकावर चढले, मोकळे झाले आणि पुढे पाणी भरून बुडाले. सुदैवाने काठाजवळ पाणी उथळ होते, कड पाण्याच्या वर राहिली आणि पाणी उपसून ते पुन्हा तरंगते करता आले. नॉक्सचा धाकटा भाऊ विल्यम त्या होडक्यावर होता. १७ डिसेंबरला फोर्ट जॉर्जहून नॉक्सने सेनापतीला कळवले की, ४२ अतिशय भक्कम घसरगाड्या करवून घेतल्या आहेत, स्प्रिंगफील्डपर्यंत ओढण्यासाठी ८० बैलजोड्यांची तजवीज केली आहे आणि सोळा-सतरा दिवसांत तोफांचा हा थाटाचा ताफा आपल्यापुढे हजर करता येईल. प्रत्यक्षात त्याला त्याच्या दुपटीहून जास्त दिवस लागले.

त्या पत्रातल्या ८० बैलजोड्या जुळल्याच नाहीत. स्टिलवॉटरचा पामर नावाचा कंत्राटदार दोन बैलजोड्यांना रोज २४ शिलिंग मागत होता आणि स्कायलर १८ शिलिंग ९ पेन्सच्या वर जायला तयार नव्हता. बोलणे बराच वेळ चालले आणि तुटले. नॉक्सने रोजनिशीत याची नोंद केली आहे. सव्वापाच शिलिंगांसाठी वेळ घालवला, असा दोष स्कायलरला देता येईल. पण हा काफिला लष्करी हुकमावर चालणारा नव्हता. बैल आणि गाडीवान शेतकऱ्यांचे होते, ते भाड्याने घ्यायचे होते, आणि एकाला दिलेला दर दुसऱ्या दिवशी सगळ्या खोऱ्याचा दर झाला असता. स्कायलरने आसपासच्या गावांत माणसे पाठवली आणि वर्षअखेरीपर्यंत १२४ घोड्यांच्या जोड्या घसरगाड्यांसह उभ्या केल्या. बैलांऐवजी घोडे आले आणि काम पुढे सरकले.

हवामानाने दोन्ही प्रकारे छळले. आधी बर्फच नव्हता. मग नाताळात एवढा पडला की नॉक्सला ऑल्बनीची वाट पायी तुडवावी लागली. त्यानंतर ऊब आली आणि नद्यांवरचा गोठलेला थर तोफा पेलण्याइतका जाड राहिला नाही. त्यावर त्याने वापरलेला उपाय साधा आणि हुशारीचा आहे. ओलांडण्याच्या जागी बर्फाला भोके पाडायची, खालचे पाणी वर पसरू द्यायचे आणि ते रात्री गोठून थर जाड होऊ द्यायचा. वडिलांबरोबर गाडी हाकणाऱ्या एका मुलाने म्हातारपणी आणखी एक युक्ती सांगितली आहे. घसरगाडी आणि घोडे यांच्यामध्ये चाळीस फुटांचा दोर ठेवला जाई आणि त्याचा बाप हातात कुऱ्हाड घेऊन दोराजवळ चाले, म्हणजे तोफ बर्फ फोडून खाली गेलीच तर दोर तोडून घोडे वाचवता येतील. एवढी काळजी घेऊनही तोफा बुडाल्या. एक हाफ मून या गावाजवळ गेली आणि ७ जानेवारीला ऑल्बनीपाशी आणखी एक गेली. दुसऱ्या दिवशी शहरातील लोकांनी श्रम करून ती वर काढली, तेव्हा नॉक्सने तिचे नाव ‘द ऑल्बनी’ असे ठेवले. उपकाराची ही फेड मनाला भिडते, कारण त्याच्याकडे देण्यासारखे दुसरे काही नव्हते.

बर्कशायरच्या डोंगरांत चढापेक्षा उतार कठीण होता. बर्फावर सुटलेली टनभर वजनाची घसरगाडी पुढच्या जनावरांचा चुराडा करते, म्हणून मागून दोर बांधून ते झाडांना अडकवत, इंच इंच सोडत आणि खाली साखळ्या व ओंडके लावून गाड्या उतरवल्या गेल्या. ११ जानेवारीला गाडीवानांनी पुढे जायला साफ नकार दिला. नॉक्सला तीन तास त्यांची समजूत घालावी लागली आणि वर दोन बैलजोड्या भाड्याने घ्याव्या लागल्या. आपल्या घाटांतून ज्यांनी तोफा चढवल्या-उतरवल्या त्यांना यातले काहीच नवे वाटले नसते. तीनच वर्षांनी, जानेवारी १७७९ मध्ये, बोरघाटातून कष्टाने वर आणलेल्या जड तोफा मुंबईच्या इंग्रज फौजेने माघारीच्या वेळी तळेगावच्या तळ्यात ढकलून दिल्या. जड तोफ सोबत असली की फौजेचा वेग तिचा वेग होतो. नॉक्सच्या बाजूने एकच गोष्ट चांगली होती की त्याच्या मागावर शत्रू नव्हता.

जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात ताफा बॉस्टनच्या पश्चिमेला वीस मैलांवर फ्रेमिंगहॅमला पोहोचला. फिलाडेल्फियाला निघालेल्या जॉन ॲडम्स या काँग्रेसच्या प्रतिनिधीने वाटेत थांबून त्या तोफा पाहिल्या आणि आपल्या रोजनिशीत त्यांची प्रकारवार यादी उतरवून घेतली. सगळ्या तोफा ठिकाणावर आल्या होत्या आणि बुडालेल्या परत मिळाल्या होत्या.

पाच आठवड्यांची शांतता

तोफा आल्यानंतर पाच आठवडे त्या गरजल्या नाहीत. काफिल्याच्या कथेत हा काळ एका वाक्यात ओलांडला जातो, पण पुरवठ्याच्या अभ्यासासाठी तोच सर्वांत बोलका आहे.

अठरा पौंडी तोफेच्या एका बाराला गोळ्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे निदान सहा पौंड दारू लागते. ऑगस्टमधला ९,९३७ पौंडांचा संपूर्ण साठा अशा तोफांना दिला असता, तर सगळ्या मिळून साडेसोळाशे बार निघाले असते आणि एकाही सैनिकाच्या बंदुकीत दारू उरली नसती. वेढ्याच्या तोफखान्यात दहा-वीस तोफा आणि काही उखळी तोफा धरल्या तर हा साठा किती तास टिकला असता, ते वाचकाला सहज मोजता येईल. मधल्या काळात इकडून-तिकडून काही पिंपे आली होती, पण आलेली दारू चकमकींत आणि नवशिक्या शिपायांच्या हौसेच्या गोळीबारात झिरपतही होती. विनाकारण बार काढण्याविरुद्ध सेनापतीला वारंवार हुकूम काढावे लागले. थोडक्यात, नॉक्सने आणलेल्या प्रत्येक तोफेने दारूची गरज वाढवली आणि साठा तेवढाच राहिला.

गोळे आणि बंदुकांच्या बाबतीत मात्र नशिबाने हात दिला होता. नॉक्स वाटेवर असतानाच, २९ नोव्हेंबरला, कॅप्टन जॉन मॅनलीने ‘ली’ या छोट्या जहाजाने ‘नॅन्सी’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज पकडले. त्यावर २,००० बंदुका, १,००,००० चकमकीचे दगड, ३० टनांहून अधिक बंदुकीच्या गोळ्या आणि १३ इंची पितळी उखळी तोफ होती. छावणीत तिचे रमची बाटली फोडून ‘काँग्रेस’ असे नामकरण झाले. त्या जहाजावर दारू मात्र नव्हती.

१६ फेब्रुवारीला युद्धमंडळाची बैठक झाली. खाडी गोठली होती आणि बर्फावरून थेट शहरावर चाल करावी, असा वॉशिंग्टनचा प्रस्ताव होता. सेनाधिकाऱ्यांनी तो नाकारला. दारूचा पुरेसा साठा हाती आल्यावर तोफांचा मारा करावा, त्याआधी करू नये, आणि दरम्यान डॉर्चेस्टरची टेकडी घेण्याची तयारी ठेवावी, असा निर्णय झाला. धाडसी सेनापतीला सबुरीचा सल्ला देणाऱ्या त्या मंडळाचे मला कौतुक वाटते. बर्फावरच्या त्या चढाईत वेढ्याबरोबर सगळे सैन्यही गमावले असते.

डॉर्चेस्टरची रात्र

साठा थोडा सावरल्यावर २, ३ आणि ४ मार्च या तीन रात्री लेचमिअर पॉइंट, कॉबल हिल आणि रॉक्सबरी येथून मारा सुरू झाला. त्याचा हेतू शहर उद्ध्वस्त करण्याचा नव्हता. तेवढी दारूच नव्हती. दक्षिणेकडच्या हालचालींचा आवाज झाकणे हा त्याचा उपयोग होता. ब्रेंट्रीच्या घरी बसून पत्र लिहिणाऱ्या ॲबिगेल ॲडम्सने, म्हणजे जॉन ॲडम्सच्या पत्नीने, खिडक्यांची तावदाने हादरत असल्याची नोंद केली आहे. या माऱ्यात काही उखळी तोफा फुटल्या आणि त्यांत ती ‘काँग्रेस’ही गेली. गोलंदाज शिकाऊ होते आणि शिकण्यासाठी उडवायला त्यांना कधी दारू मिळाली नव्हती. साठ्याच्या टंचाईचा हा एक लपलेला खर्च असतो.

४ मार्चच्या रात्री जनरल जॉन थॉमसच्या हाताखाली दोन हजारांवर माणसे आणि तीनशेहून अधिक बैलगाड्या टेकडीकडे निघाल्या. जमीन दीड फूट खोल गोठलेली असल्याने खंदक खणणे अशक्य होते. त्यावर रूफस पटनमने एका लष्करी ग्रंथातून उपाय शोधला होता. लाकडी चौकटी आधीच बनवून वर न्यायच्या, त्यांत फांद्यांच्या मोळ्या आणि दाबलेल्या गवताचे गठ्ठे भरायचे आणि मोर्चे जमिनीवरच उभे करायचे. माती-दगडांनी भरलेली पिंपे बाहेरून रचली गेली. ती आडोसाही देत आणि शत्रू चढू लागला तर उतारावरून लोटून देता येत. दारूची बचत करणारे असे हत्यार या सैन्याला सुचले नसते तरच नवल. रस्त्यावर गवत पसरल्यामुळे चाकांचा आवाज दबला. पहाटे तीनच्या सुमारास थकलेल्यांच्या जागी ताजी माणसे आली.

५ मार्चच्या सकाळी ब्रिटिशांना टेकडीवर तयार तटबंदी दिसली. जहाजांच्या तोफा तेवढ्या उंचीवर नेम धरू शकत नव्हत्या आणि आरमारप्रमुख शल्डमने कळवले की, या तोफांच्या टप्प्यात जहाजे बंदरात राहू शकणार नाहीत. शहरातील ब्रिटिश फौजेचा सेनापती जनरल हाउ याने हल्ल्याची तयारी केली, पण रात्री वादळ उठले आणि बेत रद्द झाला. १७ मार्च रोजी ब्रिटिश फौज अकराशेच्या आसपास राजनिष्ठ नागरिकांना घेऊन जहाजांवर चढली आणि बॉस्टन रिकामे झाले. हल्ला झाला असता तर वरच्या मोर्च्यांतली दारू किती वेळ पुरली असती, हा प्रश्न त्या वादळाने उघडा पडू दिला नाही. हाउच्या डोळ्यांना तोफा दिसत होत्या, पिंपांतली शिल्लक दिसत नव्हती.

ब्रिटनहून निघालेल्या रसदेच्या सगळ्या जहाजांना ही बातमी वेळेवर मिळाली नाही. १७ मे १७७६ रोजी, शहर रिकामे होऊन बरोबर दोन महिने झाले असताना, बॉस्टनच्या ब्रिटिश फौजेसाठी माल घेऊन निघालेले ‘होप’ नावाचे जहाज बंदराच्या तोंडाशी आले. ‘फ्रँकलिन’ या लहान शिडाच्या जहाजाचा कप्तान जेम्स मगफर्ड याने ते पकडले आणि उथळ, वळणाच्या वाटेने शहरात आणले. त्यात दारू होती. १,५०० पिंपे होती.